फळाफुलांच्या वासाची लाज कशाला?

‘फ्रूटी फ्लोरल’ म्हटलं की परफ्यूमचे जाणकार नाक मुरडतात. वर पीच, पेअर, सफरचंद किंवा एखाद्या बेरीचा रसाळ गोडवा आणि त्याखाली गुलाब, मोगरा, फ्रीझिया अशी फुलं, ही या वासाची ढोबळ बांधणी. जाणकारांच्या लेखी तो कॉलेजच्या मुलींचा, स्वस्तातला आणि पोरकट वास. अत्तराच्या अभिमान्यांचा आक्षेप वेगळा असतो: हा वास आपल्याकडचा नाही, बाहेरून आलाय आणि वर सगळा रसायनांचा खेळ आहे. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत हे दोन्ही आक्षेप एका दमात ऐकू येतात. मुलीने आरशासमोर उभं राहून दोनदा फुसफुस केलं की आतल्या खोलीतून विचारणा होते, ‘कसलं हे सेंट मारलंयस गं? नुसता गोळ्या-चॉकलेटचा वास येतोय.’

मुलगी गप्प बसते. आपल्याला आवडतो तो वास जरा हलक्या प्रतीचा आहे, हे तिच्याही मनावर बिंबवलेलं असतं. ही लाज तिने टाकून द्यावी. तसं सांगायला भक्कम आधार आहे आणि तो शोधायला पॅरिसपर्यंत जावं लागत नाही. धारवाडच्या परसात, हुबळीच्या फुलबाजारात आणि भाद्रपदातल्या गणपतीच्या खोलीत तो मिळतो.

गणपतीच्या खोलीचंच घेऊ. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीचं दार उघडलं की येणारा वास कुठल्याही मराठी माणसाला डोळे मिटून ओळखता येतो. पिकत चाललेली केळी, पेरू, केवड्याचं पान, शेवंती, मोगऱ्याची माळ, दूर्वांचा हिरवा ओलसरपणा आणि सगळ्याच्या मागे रात्रीच्या उदबत्तीची राख. गोव्यात तर देवाच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला फळं, फुलं, रानातले घोस टांगलेले असतात. दिवस जातात तशी त्यातली फळं पिकत जातात, फुलं सुकत जातात आणि खोलीचा वास रोज थोडा थोडा बदलतो. फळ आणि फूल एकत्र आल्यावर काय घडतं हे इथल्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या वासाला आजवर कुणी पोरकट म्हटलेलं नाही.

झाडांनी तर ही जोडी फार आधीच जमवून ठेवली आहे. हिरवा चाफा हे त्याचं सगळ्यात उघड उदाहरण. नावात चाफा असला तरी हे फूल सीताफळ-रामफळाच्या कुळातलं. पानाआड लपलेलं, पानाच्याच रंगाचं, जाडसर पाकळ्यांचं. कोवळं असताना त्याला सांगण्यासारखा वास नसतो. पाकळ्या पिवळसर होऊ लागल्या की मात्र पिकल्या फळाचा असा दाट दरवळ सुटतो की माणूस झाडाखाली फळ शोधू लागतो. कुणाला त्यात अननस सापडतो, कुणाला फणस, कुणाला पिकलेलं केळं. दक्षिणेत त्याला मनोरंजितम् म्हणतात आणि मनात जे फळ आणावं त्याचा वास हे फूल देतं, अशी समजूत आहे. कवठी चाफ्याची गोष्टही तीच. संध्याकाळी उमलणाऱ्या त्या पांढऱ्या, गोलसर फुलाला पिकलेल्या कवठाचा वास येतो. फूल एका दिवसाच्या आत गळतं, पण तेवढ्या वेळात अंगणभर कवठ फोडल्यासारखं वाटतं. हिरव्या चाफ्याच्याच कुळातलं यलांग-यलांग हे फूल जगभरच्या महागड्या परफ्यूममध्ये गेली शंभरहून अधिक वर्षं वापरलं जातंय.

फुलाच्या वासात फळ असतं याला रसायनशास्त्राचाही दुजोरा आहे. जाई-मोगऱ्याच्या तेलातला एक प्रमुख घटक म्हणजे बेंझिल अॅसिटेट. तो सुटा हुंगला तर केळ्याच्या आणि पेअरच्या अंगाने जातो. सोनचाफ्यात मिथाइल अँथ्रानिलेट सापडतं. काळ्या कॉनकॉर्ड द्राक्षाचा खास वास त्याच रेणूचा. गुलाबाच्या तेलात डॅमॅसिनोन हजारात जेमतेम एक-दीड भाग असतं, पण गुलाबाला त्याचा गुलाबपणा देण्यात त्याचा वाटा मोठा, आणि शिजवलेल्या सफरचंदाचा, आलुबुखारचा वासही त्यातच आहे. तेव्हा परफ्यूम बनवणारा जेव्हा गुलाबाशेजारी सफरचंद ठेवतो, तेव्हा गुलाबात आधीपासून असलेली एक बाजू तो जरा पुढे ओढतो, इतकंच.

आता ‘सगळं रासायनिक’ या आक्षेपाकडे वळू.

फुलांचं अत्तर भट्टीवर काढता येतं. कनौजला डेग आणि भपका लावून आजही काढतात. फळांचं तसं होत नाही. संत्र्या-लिंबाच्या सालीत तेल असतं, ते पिळून निघतं. पण पीच, सफरचंद, स्ट्रॉबेरी, पेरू यांच्या गरात पाणी आणि साखरच फार. ती भट्टीवर चढवली तर मुरांब्याचा वास येईल, ताज्या फळाचा नाही. म्हणून फळाचा वास परफ्यूममध्ये आणायचा तर तो एकेक रेणू जुळवूनच बांधावा लागतो. हे काम माणसाने शंभर वर्षांपूर्वी शिकून घेतलं. 1919 साली झाक गेर्लां यांनी ‘मित्सुको’ बांधला, तेव्हा त्यात पीचचा वास देणारं एक लॅक्टोन वापरलं. धंद्यात त्याला ‘अल्डिहाइड सी-14’ म्हणतात, प्रत्यक्षात ते अल्डिहाइड नाहीच. त्या एका रेणूने कोरड्या, शेवाळी वासाला सालीवर लव असलेल्या पीचची ऊब दिली आणि तो परफ्यूम आजही थोरांच्या यादीत आहे. फळाचा वास उथळ असतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

धारवाडकरांसाठी यात जवळचा धागा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. कच्च्या हापूसमध्ये टर्पीन या गटातले वास भरपूर असतात. डेखाजवळ येणारा तो चिकट, हिरवा, थोडा राळेसारखा वास त्यांचाच. आंबा पिकू लागला की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन हे गट प्रकट होतात आणि आढीतला तो ओळखीचा दरवळ सुरू होतो. ‘मित्सुको’तला पीच ज्या लॅक्टोनांच्या घराण्यातला, त्याच घराण्यातली ही मंडळी. फ्युरॅनोनांपैकी फ्युरॅनिऑल तर स्ट्रॉबेरी आणि अननसाच्या वासाचाही कणा आहे. धारवाड, कलघटगी, अळणावर या भागांत हापूसच्या बागा आहेत. मे महिन्यात इथल्या घरांत पलंगाखाली गवतात आंबे पिकत घातलेले असतात. त्या घरात वाढलेल्या माणसाला परफ्यूममधला पीच परका वाटायचं कारण नाही.

पेरूची कथा जास्त गमतीची. हुबळी आणि धारवाड यांच्या मधलं नवलूर पेरूंसाठी नावाजलेलं. हिवाळ्यात तिथला पेरू टोपलीत असला की घरात शिरल्या शिरल्या कळतं. त्या वासातला जो चटकदार, जरासा रानटी भाग आहे, तो गंधकयुक्त रेणूंचा असतो. ते इतके तीव्र असतात की त्यांचा नुसता अंश पुरतो. तोच अंश थोडा वाढला तर घामाचा, मांजराच्या मुताचा वास येतो. चांगला परफ्यूमर हा अंश धीटपणे ठेवतो. स्वस्त मालात तो गाळून टाकतात आणि उरलेली जागा साखरेने भरतात. फळाचा परफ्यूम चांगला की सुमार, हे ओळखायची ही एक सोपी खूण आहे. त्यात फळाचा आंबट, हिरवा, थोडा ओबडधोबड भाग शिल्लक असेल तर बनवणाऱ्याने मेहनत घेतली असं समजावं.

आणि ‘शुद्ध नैसर्गिक’ अत्तराचं काय? एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. पूर्वी कनौजचं अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत. चंदन इतकं महागलं की आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी दुसरी, वास नसलेली तेलं वापरतात. हा हिशोब डोक्यात ठेवून हुबळीच्या दुर्गदबैलात किंवा जत्रेतल्या गाड्यावर शे-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या ‘गुलाब’, ‘मोगरा’, ‘केवडा’च्या कुपीकडे पाहावं. तिच्यातला वासही प्रयोगशाळेतच बांधलेला असतो. त्यात वाईट काही नाही. तो वास कित्येकांच्या सणाला, लग्नाला, मैफलीला सोबत करतो. पण मग त्या कुपीला परंपरा म्हणायचं आणि मुलीच्या टेबलावरच्या बाटलीला केमिकल म्हणायचं, हा न्याय बरोबर नाही.

मराठी वाचकाने तर वास बांधण्याच्या या कलेकडे थोड्या अभिमानाने पाहायला हवं. एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 साली मुंबईत सुरू झाली. साबण, उदबत्ती, पावडर, केसाचं तेल बनवणाऱ्या कारखान्यांना लागणारे सुवास ती पुरवते. ‘केवा’ या नावाने ती ओळखली जाते आणि 2015 साली तिचे शेअर बाजारात आले. मुलुंडच्या केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या वझे महाविद्यालयात परफ्यूमरी आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. देशात हे शास्त्र रीतसर शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच, त्यातली एक मराठी माणसांनी उभी केली आहे. असं असूनही मराठी वर्तमानपत्रांत वासाबद्दल लिहून येतं ते बहुधा दिवाळीच्या उटण्यापुरतं. चित्रपट, नाटक, गाणं, जेवण या सगळ्याची समीक्षा होते. वासाची होत नाही. म्हणूनच एखाद्या वासाला ‘पोरकट’ म्हणून निकालात काढणं इतकं सोपं जातं.

या प्रकाराची आजची लोकप्रियता 1990 नंतरची. त्या वर्षी सोफिया ग्रॉयझमन यांनी लाँकोमसाठी ‘त्रेझोर’ बांधला. त्यातला गुलाब आणि पीच इतके एकजीव होते की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळू नये. 1999 साली डिऑरचा ‘जादोर’ आला, फुलांवर पेअर आणि खरबुजाचा पाणीदार ओलावा घेऊन. 2004 साली डीकेएनवायने ‘बी डिलिशस’ चक्क सफरचंदाच्या आकाराच्या बाटलीत आणला आणि त्याच सुमारास गायिका-नट्यांच्या नावाने परफ्यूमची रांग लागली. इथवर ठीक होतं. बिघडलं ते साखरेने. इथाइल माल्टॉल नावाचा, बुढ्ढी के बालचा वास देणारा घटक 1992 च्या ‘एंजल’ या परफ्यूममध्ये मोठ्या धिटाईने वापरला गेला होता. पाचोळीच्या कडवट, मातकट वासाशी त्याची तिथे टक्कर होती. पुढे नकला करणाऱ्यांनी पाचोळी टाकून दिली आणि साखर ठेवली. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा फ्रूटी फ्लोरल मिस्टमध्ये फळही नावाला असतं आणि फूलही. उरतो तो पाक. जाणकारांची तक्रार या मालाबद्दल असेल तर ती रास्त आहे. तिच्यासाठी सगळ्या कुळाला नावं ठेवायला नकोत.

अंगावर हा वास कसा वागतो ते पाहायला चिगरीचा प्रवास उत्तम. हुबळी आणि धारवाड जोडणारी ही वातानुकूलित बससेवा 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. मार्ग सुमारे 22 किलोमीटरचा. समजा, मालमड्डीत राहणारी आणि हुबळीत नोकरीला असलेली एक बाई घरून निघताना मनगटावर आणि गळ्याशी पेअर-मोगऱ्याचा परफ्यूम लावते. ज्युबिली सर्कलला बसमध्ये चढताना तिला पेअर लख्ख जाणवतो, कच्चा, रसरशीत, दातांना लागेलसा. तो वास देणारे एस्टर नावाचे हलके रेणू फार उडते असतात. विद्यागिरी मागे पडेपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. नवलूरच्या आसपास मोगरा वर येतो आणि त्यातला जो किंचित मादक, जड भाग असतो तो बसच्या गारव्यात बेताचाच राहतो. उणकलचा तलाव येईतो दोन्हींच्या मधला एक मऊ टप्पा लागतो. तिथे फळ आणि फूल वेगळं काढता येत नाही, आणि या कुळाच्या परफ्यूमची खरी परीक्षा तिथेच असते. सुमार माल याच टप्प्यावर नुसता गोड होऊन बसतो. चांगला असेल तर विद्यानगरला उतरून उन्हात चार पावलं चालल्यावर तो पुन्हा फुलतो, कारण कातडी तापली की जड रेणूही हवेत चढू लागतात. दुपारी डबा उघडायच्या वेळेला उरतात लॅक्टोनांची सायीसारखी ऊब आणि तळातली कस्तुरी. तीही तिची तिलाच, मनगट नाकाशी नेलं तर.

ऋतूप्रमाणे हाच परफ्यूम वेगळा वागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात हुबळीत त्याचा वरचा थर भराभर उडतो आणि गोडवा लवकर अंगावर येतो. त्या दिवसांत हिरवं सफरचंद, लिंबूवर्गी फळं, कलिंगड असा पाणीदार वास सुखावतो. धारवाड थोडं उंचावर आणि पावसाचं. जुलैच्या झडीत दमट हवेत फुलं नाकात रेंगाळतात, तेव्हा पीच आणि गुलाबाची जोडी शोभते. कपडे नीट वाळत नाहीत अशा दिवसांत ओल्या सुताच्या कुबट वासावर परफ्यूम मारणं मात्र व्यर्थ, दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी होतं. मोगऱ्याचा गजरा माळायचा असेल त्या दिवशी बाटलीला सुट्टी द्यावी. फुलबाजारात हडगलीची मल्लिगे (जाई-मोगऱ्याच्या जातीचं तिथलं फूल) आलेली असताना तिच्याशी स्पर्धा करू शकेल अशी बाटली अजून तरी कुठे नाही. हडगलीच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते उगीच नव्हे.

लावण्याच्या प्रमाणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्या अंगावरचा वास आपल्याला थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. नाकाची ही स्वाभाविक सवय आहे. परफ्यूम उडाला असं समजून माणूस पुन्हा मारतो आणि बंद बसमधल्या शेजाऱ्याचं डोकं धरतं. दमा आणि अर्धशिशी असलेल्यांना तीव्र सुवासाने खरोखर त्रास होतो. चिगरीत खिडकी उघडायची सोय नाही, उठून जायला जागा नाही. तेव्हा बसने जाणाऱ्याने दोन फवाऱ्यांवर थांबावं, आणि तेही निघायच्या दहा मिनिटं आधी. वर्गात, दवाखान्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये त्याहून कमी. ज्याला आपला वास मनापासून आवडतो त्याने हे पाळणं सगळ्यात जास्त गरजेचं आहे. चांगल्या वासाचं नाव लावणाऱ्याच्या अतिरेकानेच खराब होतं.

त्वचेचाही विचार हवा. काहींना सुवासिक घटकांची अॅलर्जी असते, लाल चट्टे उठतात, खाज सुटते. बर्गामोटसारख्या काही लिंबूवर्गी तेलांवर ऊन पडलं तर डाग पडू शकतात. नवा परफ्यूम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दिवसभर पाहावा. उन्हात जायचं असेल तर गळ्यावर मारण्याऐवजी ओढणीच्या, पदराच्या आतल्या बाजूला मारावा. कापसावर फळाचा वास कातडीपेक्षा जास्त टिकतो.

आणि हा वास बायकांचाच, हे कुणी ठरवलं? लग्नात दाराशी उभं राहून पाहुण्यांना अत्तर-गुलाबपाणी द्यायची रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मनगटावर लागलेलं ते गुलाबाचं बोट पुरुषांनी कधी नाकारलं नाही. कानात मोगऱ्याचा फाया ठेवून मैफलीला बसणारे पुरुषच होते. फूल बायकांचं आणि लाकूड-मसाला पुरुषांचा, ही वाटणी दुकानातल्या फळ्यांनी केली आहे. जाहिरातींनी ती पक्की केली, काही वेळा फार हीन पातळीवर उतरून: जून 2022 मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती केंद्र सरकारला बंद करायला लावाव्या लागल्या, कारण त्यांत बाईवरच्या अत्याचाराचा सूचक विनोद केला होता. धारवाडच्या एखाद्या तरुणाला पेरू आणि गुलाबाचा वास आवडला तर त्याने तो खुशाल लावावा. त्याच्या आजोबांनीही गुलाबच लावला होता.

धारवाड हे विद्यार्थ्यांचं गाव. कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, जुनी महाविद्यालयं, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, आणि त्यांच्यासाठी आलेल्या बाहेरगावच्या मुला-मुलींनी भरलेली वसतिगृहं. चंदगड, खानापूर, बेळगावकडून आलेली मराठी मुलंही त्यांत असतात. शिष्यवृत्तीच्या किंवा शिकवणीच्या पैशांतून दोन-तीनशे रुपयांची बॉडी मिस्ट घेणाऱ्या मुलीचा तो पहिलाच असा खर्च असतो, जो कुणाला विचारून केलेला नसतो. घरातला वास आईच्या साबणाचा, आजीच्या देवघराचा, वडिलांच्या तेलाचा. ही बाटली तिची स्वतःची. तिच्यात पीच असेल, स्ट्रॉबेरी असेल, वर जास्तीची साखरही असेल. तरी आपण कसं दरवळावं हे तिने स्वतः ठरवलेलं असतं. तिला हसण्याआधी मोठ्यांनी हा भाग नीट पाहावा. नाक तयार होतं ते लावून लावूनच. आज मिस्ट लावणारी मुलगी उद्या हिरव्या चाफ्याजवळ थांबेल, याचीच जास्त शक्यता आहे.

नाक तयार व्हायला दुकानांनी मात्र हात द्यायला हवा. हुबळीच्या कोप्पीकर रोडपासून मॉलपर्यंत बाटल्या भरपूर दिसतात, पण निवांत हुंगून पाहायला मिळणं अवघड. पुष्कळ ठिकाणी टेस्टर नसतो, असला तर कागदाच्या पट्टीवर एकदा फवारून लगेच भाव सांगितला जातो. कागदावर पहिला थर कळतो, फळ कळतं. फूल आणि तळ कळायला कातडी आणि तासाभराचा वेळ लागतो. दोन वासांच्या मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचाही फारसा उपयोग नाही. 2011 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात कॉफीच्या बिया, लिंबाची फोड आणि साधी हवा यांत काही फरक आढळला नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला मनगटावर एक फवारा देऊन ‘बाजार फिरून या’ म्हणणारा दुकानदार जास्त शहाणा. पाच-दहा मिलीलिटरच्या लहान कुप्या ठेवल्या तर शंभर मिलीलिटरची बाटली आंधळेपणाने घ्यावी लागणार नाही आणि घरी पडूनही राहणार नाही.

एक मोठी मागणी सरकारकडे करायला हरकत नाही. म्हैसूर संस्थानाने 1916 साली चंदनतेल काढायला सुरुवात केली आणि त्यातून म्हैसूर सँडल साबण जन्माला आला. तो साबण बनवणारी कंपनी आज कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे, तिचं नाव देशभर आहे. चंदनावर तिने शतकभर राज्य केलं. आता तिने उत्तर कर्नाटकाकडे वळून फळाफुलांचा एक अस्सल इथला परफ्यूम बांधावा. वरचा थर नवलूरच्या पेरूचा, त्यातला गंधकाचा रानटी अंश न गाळता. मध्ये हडगलीची मल्लिगे आणि चिमूटभर हिरवा चाफा. तळाला म्हैसूरचं चंदन, आणि पिकत्या हापूसमधलं एखादं लॅक्टोन. फळझाडांवर काम करणारे लोक धारवाडच्या कृषी विद्यापीठात आहेत, आंब्याच्या रेणूंचा अभ्यास पुण्यात झालेला आहे, वास बांधायला शिकलेली मुलं मुलुंडमधून बाहेर पडतात. किंमत वसतिगृहातल्या मुलीला परवडेल अशी ठेवावी, साखर कमी ठेवावी आणि पहिली दुकानं चिगरीच्या थांब्यांजवळ काढावीत, म्हणजे लावून बघायला 22 किलोमीटर आपोआप मिळतील.